करी रोडच्या हौदासाठी मागितलेले मत

लालबाग, मुंबई

तीर्थस्वरूप नानामामांस,

बंडूचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता वळतो का? तुमची भाचेसून यशोदा पुन्हा तेल पाठवणार आहे (मागचे तुम्ही फोडणीला वापरलेत असे मामींकडून कळले). इकडे सर्व खुशाल. माझ्याविषयी पनवेलपर्यंत काही आले असेल तर आधीच सांगतो, मी फितूर झालेलो नाही.

त्याचे झाले असे. ऐन उन्हाळ्यात करी रोडच्या पुलाच्या चढावर कापसाच्या गाठी ओढणारा एक बैल भर दुपारी खाली बसला तो उठेना. गाडीवान भिवा आमच्याच चाळीत तळमजल्याला राहतो. त्याने बैलाला मारले नाही. जू सोडले आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला. पुलाखाली जनावरांसाठी दगडी हौद आहे, पण त्यात पाण्याऐवजी विड्यांची थोटके आणि एक मोडकी छत्री. शेवटी यशोदेने आमची पिण्याची कळशी बैलापुढे रिकामी केली (मी त्या दिवशी शेजारी पाणी प्यालो). मला वाटले, म्युनिसिपालटीची निवडणूक तोंडावर आहे, उमेदवार दारोदार हात जोडत हिंडताहेत, हौदाचे वचन घ्यायचे तर आत्ताच.

म्हणून चाळीच्या फळ्यावर मी ठळक लिहिले, 'बैलांना पाणी देईल त्यालाच मत', आणि खाली दोन बैल काढले. मामा, एकच काढला असता तर निभावले असते. ज्या लालबागेत पोरे संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत आंघोळ करतात, तिथे मी समितीच्या विरोधकांची बैलजोडी ही निशाणी स्वहस्ते रंगवून ठेवली होती. सकाळी फळ्यावर शेण. न्हाव्याने माझी अर्धी दाढी केली आणि उरलेल्या अर्धीसाठी विचार करायला वेळ मागितला. त्यात बैलजोडीच्या उमेदवाराचा माणूस सर्वांदेखत मला मिठी मारून पत्रकांचा गठ्ठा देऊन गेला. हौदाचे विचारले तर म्हणाला, आमच्या निशाणीवरच बैल आहेत, आणखी वेगळे वचन कशाला?

समितीचे उमेदवार दौलतराव, माणूस सज्जन. पण ते म्हणाले, आधी मुंबई, मग बैल. मी म्हटले, हौद मुंबईतच आहे. यावर विचार करू म्हणाले.

मग चाळीच्या अंगणात त्यांची सभा झाली. मी उठून हौदाचे काढले, तोच मागून 'बैलजोडीवाला!' असा गलका झाला आणि कुणीतरी सदरा ओढून मला खाली बसवले. तेव्हा जाईबाई उठल्या. आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. त्यांचा मुलगा गोळीबारात गेला. सभांना येतात, पण बोलताना त्यांना कुणी ऐकले नव्हते.

"माझो झील मुंबयसाठी गेलो," त्या म्हणाल्या. "मुंबय काय नुसत्या माणसांची? बैलाक पाणी दिला म्हणून मत काय बैलाक जाता?"

दौलतरावांनी आधी जाईबाईंना हात जोडले. मग म्हणाले, "निवडून आलो तर हौद भरेन. पडलो तर बादली घेऊन येईन."

ते निवडून आले आणि शब्दाला जागले. हौद साफ झाला, नळ बसला. (पहिले काही दिवस आमच्याच बायकांनी तिथे हंडे लावले, कारण दुपारी चाळीच्या नळाला पाणी नसते. रांगेत बैलही होते. भांडले नाहीत ते तेवढेच.) आता यशोदेने आधी बैल, मग हंडे असे ठरवून दिले आहे. निम्मी चाळ तिच्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात थोडी शांतता आहे.

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
बंडू

ता. क. पुलाच्या चढावर बसला तेव्हा दुखावलेला त्या बैलाचा पाय कायमचा अधू झाला. गाडीमालक त्याला खाटकाकडे धाडणार होता, भिवाने हट्टाने मागून घेतला. चाळीच्या अंगणात बांधला तर घरमालकाने हरकत घेतली. तुमच्या गोठ्यात जागा आहे असे मी बोलून गेलो. भिवा काल त्याला घेऊन पायीच पनवेलला निघाला आहे. बैल लंगडत चालतो, तेव्हा हे पत्र आधी पोहोचावे.

आणखी एक. या हट्टापायी मालकाने भिवाला कामावरून काढले आहे. यशोदा म्हणते, त्यालाही ठेवून घ्या. तो स्वतः विचारणार नाही, तुम्हीच राहा म्हणा.