भोंगा जवळ येतोय

१५ नोव्हेंबर १९५५
डिलाईल रोडच्या चाळीत खोली मिळाली, माझ्या एकटीसाठी! साताऱ्याहून निघताना आईला काळजी होती, तिला पत्र टाकायला हवं. उद्यापासून प्रसूतिगृहात नर्सची नोकरी. शेजारच्या चंपाबाई ताटभर फराळ देऊन गेल्या. त्यांचा नवरा गिरणीत. इथं सगळ्यांचं उठणं-जेवणं गिरण्यांच्या भोंग्यांवर चालतं, याची मला गंमत वाटली.

१७ नोव्हेंबर
दुपारी साडेचारला लालबागच्या बाजूनं भोंगा झाला. लांबलचक, घोगरा. कुठल्या गिरणीचा, म्हणून विचारलं, तर चंपाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.
मग त्यांनी सांगितलं. माझ्या आधी इथं कोंडीराम राहायचा. त्यालाही तो ऐकू यायचा, रोज थोडा जवळून. मरण येतंय म्हणून तो कडी लावून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं आतून विचारलं, मला इथं किती वर्षं झाली? दार फोडलं तेव्हा तो गेलेला होता. वय तीस, केस पांढरेफटक.

१८ नोव्हेंबर
आज नाक्यावरून वाजला. त्यानंतर चहा ठेवला, तर पाणी उकळेचना. घड्याळाकडे तासभर बघत बसले असेन. काटा एक मिनिट सरकला होता.

१९ नोव्हेंबर
आज तीन बाळंतपणं. शेवटचं मूल पायाळू, घाम फुटला, पण रडलं. दिवस कसा गेला कळलं नाही. संध्याकाळी भोंगा जिन्यात. खोलीत बसले आणि पुन्हा तेच — एकेक श्वास संपता संपेना. कोंडीराम वाट बघून बघून म्हातारा झाला. मी बघणार नाही.

२० नोव्हेंबर
दाराबाहेर. कडी थरथरली.
उद्या संप, फ्लोरा फाउंटनला मोर्चा. मुंबई महाराष्ट्राला हवी म्हणून सगळी चाळ निघणार. मलमपट्टीची पिशवी घेऊन मीही येते म्हटलं. चंपाबाईंनी हात धरला, "नलूबाय, उद्या भायर जाव नको." आत बसून टळेल का, विचारलं. त्यांनी हात सोडला.

२१ नोव्हेंबर
गिरण्या बंद. तरी सकाळपासून वाजतोय — खोलीत — माझ्या मागे. अक्षर नीट येत नाही. मान वळवणार नाही.
असेल तेवढा वेळ माझा आहे. इथं बसून तो वाट बघण्यात —
खाली घोषणा. चंपाबाई पदर खोचून दारात उभ्या, त्याही येतायत. मानेवर गरम वाफ —
वाजू दे. पिशवी घेतली. दार उघडंच टाकून मी चालले.