हिरीच्या गुडघ्यांची पुडी

११ मार्च २०२५, गंजाड

हिरीला मुंबईत नव्या औषधाची तिसरी सलाईन लागली. छातीतली गाठ दोनदा औषधाने गेली, दोनदा परत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, तुमच्या बायकोची गाठ जाते पण गाठीच्या मूळपेशी लपून राहतात. त्यातून ती पुन्हा होते. हे औषध अंगातल्या राखणदार पेशींना त्या ओळखायला शिकवतं. अजून अभ्यास चालू आहे, खात्री देत नाही."

कळलं मला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजली, राब केला, की वरचं गवत जळतं, लव्हाळ्याच्या गाठी मातीत तशाच. पण खात्री नाही हे कशाला सांगितलं? तेच डोक्यात बसलंय.

बाईंनी बजावलंय: स्टेरॉइड घ्यायचं नाही — राखणदार झोपतात. काही दुखलं तर आधी फोन.

१९ मार्च

हिरीचे गुडघे सुजले. न्हाणीत जाताना भिंत धरते. फोन करू की नको — केला आणि सलाईनच थांबवली तर?

२० मार्च

तलासरीच्या बाजारात पुडीवाला बसला होता. "काका, प्युअर झाडपाला. चार दिवसांत काकी गरबा खेळेल." झाडपाला म्हणजे काही औषध नव्हे. घेतली. सुदामला सांगितलं नाही, पोरगा ओरडेल. हिरीला म्हटलं, रोज सकाळी पाण्यातून घे.

२६ मार्च

गुण आला! हिरी विहिरीवर जाऊन आली. म्हणाली, "आता तरी नीट जेवा."

८ एप्रिल

मुंबई. गाठ वाढली आहे.

बाईंनी विचारलं, दुसरं काही चालू आहे का? मी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. सुदाम बघतच राहिला. बाई रागावल्या नाहीत. "अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानेच आपलं औषध दबलं असेल, तर अजून आशा आहे. पुडी बंद करा, महिन्याने पुन्हा बघू."

परतताना चारोटीला सुदाम म्हणाला, "बा, फोन कशाला घेऊन दिलाय तुला?"

९ एप्रिल

घास उतरत नाही. मीच झोपवले राखणदार.

१२ एप्रिल

हिरीने ताट पुढे सरकवलं. "जेवा. पुडी मी एकदाही घेतली नाही. कडू जहर होती, शेवग्याच्या बुडाशी ओतली. तुमचं उतरलेलं तोंड बघवेना म्हणून दात आवळून विहिरीवर गेले."

म्हणजे माझ्यामुळे नाही. औषधच लागू पडलं नाही.

माझ्यामुळे असतं तर बरं झालं असतं.