हाक खालच्या आळीला, ओ वरल्या आळीचा

आबा,

परवा तिकोणा पेठेला जाऊन आलो. आपल्या खालच्या आळीची मावशी, जी तुमच्या भजनाला सगळ्यांच्या आधी येऊन खांबाला टेकून बसायची, ती आता तिथं लेकीकडं असते. नव्वदी कधीच उलटली. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण कान शाबूत आहेत आणि जीभ तर विचारूच नका. मी ओट्यावर पाय ठेवला तर आतनं म्हणते, चपला घासत येतोय म्हंजी पेटीवालाच. बोलता बोलता तिनं तुमच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट मला सांगितली. तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटून गेली, आणि इतकी वर्षं मी समजत होतो की ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला ती सांगावी की झाकून ठेवावी, हे काही केल्या ठरेना. म्हटलं, कागद घेऊन बसावं, लिहिता लिहिता ठरेल. सातवीच्या पुढं मी शाळा पाहिली नाही, जे काय लिहिणं-वाचणं आलं ते पेपर वाचून आणि तळेगावच्या कारखान्यातले फलक वाचून. तेव्हा ओळ वाकडी गेली तर सांभाळून घ्या.

आधी घरचं सांगतो. तुमच्या वेळी पवनेच्या काठाला नुसती शेतं आणि म्हशी होत्या. आता तिथं रांगेनं तंबू लागतात. शनिवारी पुण्या-मुंबईची पोरं येतात, शेगडीवर भाजून खातात, तळ्याकडं तोंड करून बसतात आणि सांजेला गाणं ऐकतात. तुमचा पणतू तिथं गिटार घेऊन गातो. गळा असा की आपल्या घरात आजवर कुणाचा नव्हता. पण मध्यंतरी तोंड पाडून माझ्याकडं आला. म्हणाला, आजोबा, लोक माझ्याबरोबर म्हणतच नाहीत. मी माइक त्यांच्यापुढं धरतो, या, म्हणा म्हणतो, तर ते मोबाईल वर करून माझा फोटो काढतात. तंबूवाल्या मालकानं सांगून ठेवलं होतं की पाव्हणे गप बसणार असतील तर मी नुसते स्पीकर लावीन. मी एकदा जाऊन बघितलं, तर खरंच, दूध न पिणाऱ्या वासरापुढं बाटली धरावी तसा हा माइक धरत होता.

मग मी त्याला तुमची युक्ती सांगितली. म्हटलं, अर्ध्या ओळीत थांब आणि विसरल्यागत कर. लोकांना चूक सुधारायला फार आवडतं, तुझी ओळ ते पुरी करतील. पुढच्या शनिवारी त्यानं तसं केलं. तर दोन पोरी उठल्या, मोबाईलवर गाण्याचे शब्द शोधले आणि त्याच्या नाकापुढं आणून धरले. आम्ही घरी येऊन पोट धरून हसलो. तुमची युक्ती ह्या पिढीला लागू नाही म्हटलं, आणि त्याला तुमची दुसरी गोष्ट सांगितली, जी मला बोलणी खाऊन कळलेली.

लोणावळ्याचा तो बंगला आठवतो का, जिथं तुम्ही माळी होता? शेठच्या घरी पाव्हणे आले होते आणि तुम्ही सांगितलं, पोरगं बरं गातं. मी विशीतला. मिसरूड नुकतं फुटलेलं, अंगात वारं भरलेलं. काळी चार पट्टी धरली आणि असा उंच गेलो की बायकांनी गालाला हात लावले. वा वा झाली. मी छाती काढून बागेत आलो, तर तुम्ही मोगऱ्याला पाणी घालत होता. वरसुद्धा बघितलं नाही. विचारलंत, तुज्यासंगं किती जण म्हणले? मी म्हटलं, म्हणतील कशाला, ऐकत होते ते. तेव्हा तुम्ही पाण्याची झारी खाली ठेवलीत.

"वा वा करणारं त्वांड गाण्याला मोकळं ऱ्हात न्हाई. तू वर जाऊन बसलास, मंग शिडी कुटं सोडली?"

मला राग आला होता. आठवडाभर धड बोललो नाही. तुम्हीही समजूत काढली नाही. पण त्याच महिन्यात शेठच्या बायकोनं माळ्यावरची जुनी पेटी काढून टाकली, ती तुम्ही मागून घेतलीत आणि एसटीच्या टपावर बांधून गावाला आणलीत. मी उघडून वाजवली तर मधला एक सूर मुकाच. मी कुरकुरलो, तर तुम्ही म्हणालात, आसू दे, तेवढा सूर लोकं म्हणतील. अजून तुमचा आवाज कानात आहे. आवाज म्हणजे काय, गाण्याचा गळा तुम्हाला नव्हताच. तुमचा आवाज भाकरीसारखा होता, जरा करपलेला, रोजचा. पांढरी एकच्या वर तुम्ही कधी गेला नाहीत. आणि म्हणूनच म्हातारे कोतारे, कडेवर पोर घेतलेल्या बाया, दिवसभर भात लावून पाठ मोडलेले गडी, सगळे तुमच्या गाण्यात शिरायचे. आता नातवालाही तेच सांगितलं, बाबा, खाली ये. तो आला खाली. म्हणतो, कडेच्या तंबूतला एक टकल्या माणूस आधी गुणगुणायला लागला, मग त्याची बायको. स्पीकरचं अजून तरी टळलंय.

आता मूळ गोष्टीकडं येतो. पाय तिकडं वळत नाहीत, म्हणून इतकं फिरून आलो.

दर गुरुवारी देवळात तुम्ही उभे, मी पेटीवर, बाया खांबांकडं, गडी दाराकडं. तुम्ही अर्ध्यात थांबणार, कपाळाला हात लावणार, आणि मावशी खेकसणार, आबा, देवाचं तरी धड म्हणा. मग ती ओळ म्हणायची, तिच्यामागं बाया, बायांच्या मागं सगळं देऊळ. तेव्हा तुम्ही हळूच माझ्याकडं बघायचात. डोळ्याचा कोपरा नुसता लवायचा. त्या एका नजरेसाठी मी पेटी वाजवायचो, असं म्हटलं तरी चालेल.

आई गेल्यावर तुम्ही स्वयंपाक करायला लागलात. एकदा मी कारखान्यातून आलो तर चुलीवर भाताचं पातेलं, आणि त्यात तांदळाबरोबर चहाची पूड. तुम्ही हसलात, मीही हसलो, भात फेकला, पिठलं केलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तुम्ही गाता गाता थांबलात. मावशी खेकसली, देऊळ गायला लागलं, मी मान वर करून त्या नजरेची वाट बघतोय. नजर आलीच नाही. बाजारात बैल हरवलेल्या माणसागत तुम्ही इकडून तिकडं बघत होता.

तेव्हापासून मी एक करायला लागलो. तुम्ही थांबलात की पुढच्या ओळीचे पहिले सूर हलकेच दाबायचे, म्हणजे तुम्हाला वाट सापडावी. कधी सापडायची, कधी नाही. गुरुवार चुकू नये म्हणून मी कारखान्यात इतर वारी दुसऱ्यांच्या पाळ्या अंगावर घ्यायचो. तुमची सून चिडायची, म्हणायची, देवाला एवढी काय घाई आहे. तिलाही मी बोललो नाही. एकदा देवळातून घरी येताना, ओढ्याच्या फरशी पुलावर, तुम्ही माझा हात धरलात. एरवी तुम्ही कुणाचा हात धरायचा नाहीत.

"मी चुकतो का रं?"

"न्हाई आबा. लोकांला वाटतं तुमी मुद्दाम करताय."

"मंग बरं हाय," म्हणालात. पाणी ओलांडून वर आल्यावर परत थांबलात. "ज्या दिशी लोकांला कळंल, त्या दिशी मला सांग. मी मागं बसंन. कुणी मला सांभाळून घेतलेलं नगं."

मी हो म्हटलं. आणि त्या दिवसापासून माझं एकच काम झालं, लोकांना कळू द्यायचं नाही.

त्या वर्षीची यात्रा आली. पालखी देवळापुढं टेकली की तुमचं ते गाणं व्हायचं, तुम्हीच जुळवलेलं. तुम्ही एकेका आळीला हाक मारायची, "खालच्या आळी गं, देव आला, काय मांडलं दारी?" आणि त्या आळीनं आपली ओळ म्हणायची. खालच्या आळीची भाताच्या लोंब्यांची, वरल्या आळीची झऱ्याच्या पाण्याची, ओढ्यापल्याडची दिव्याची. लहान पोरंसुद्धा आपल्या आळीची ओळ आली की आईच्या पदरातून बाहेर येऊन ओरडायची. दिवस कलला होता. लोणावळ्याहून, बेडशाहून पाव्हणे आले होते. तुम्ही खालच्या आळीला हाक मारली, तिनं लोंब्या म्हटल्या. मी वरल्या आळीचे सूर दाबले. तुम्ही हात वर केलात आणि पुन्हा खालच्या आळीलाच हाक मारलीत. आता हसतील, आता कळलं सगळ्यांना. एक टाळ वाजेल एवढा वेळ गेला असेल. आणि वरल्या आळीनं ओ दिला. झऱ्याचं पाणी, देवाच्या पायावर, खणखणीत. तुम्ही मान डोलावलीत. तिसऱ्यांदाही तुम्ही खालच्या आळीलाच बोलावलंत, आणि ओढ्यापल्याडच्या बायांनी दिवा लावला. कुणी एकमेकाकडं बघितलंसुद्धा नाही. गाणं पुरं झालं. तुम्ही उपरण्यानं तोंड पुसलंत आणि मला म्हणालात, आज लय जोरात म्हणले. मला वाटलं, देवानं वाचवलं. गोंधळात कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या यात्रेला तुम्ही नव्हता.

परवा मावशी चहा पिता पिता म्हणाली, आळीचं गाणं अजून म्हणता का रं? मी म्हटलं, म्हणतो की. तर बशी खाली ठेवून म्हणते, त्या साली मला लय भ्या वाटलं व्हतं, वरल्या आळीच्या बाया टायमाला म्हणत्यात का न्हाई म्हणून. मला काही समजेना. विचारलं, कसलं भ्या?

"आरं, आबा नाव चुकणार हे ठावं न्हवतं व्हय आमाला? यात्रेच्या आदी समद्या बाया डेरीवर जमलो. ठरवलं, आबा कुणालाबी हाक मारू दे, ज्येचा नंबर असंल त्यानं ओ द्यायचा. आन् हसायचं कुणी न्हाई."

मी मग विचारलं, कधीपासनं ठाऊक होतं? ती म्हणाली, तुज्या आदीपास्नं. आबा दुधाची किटली माज्या दारात ठेवून जायचा आन् घरी जाऊन शोधायचा. मी म्हटलं, मग मला का नाही बोललीस मावशी? तर हसली. तोंडात एक दात नाही, पण हसणं तेच, खेकसल्यासारखं.

"तुला कशाला? तू तितं पेटी दाबीत बसलेला, त्वांड एवढंसं करून. तुला सांगितलं असतं तर तू रडला असतास. तू रडलास की आबाला कळलं असतं."

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतोय. तसा मी, आबा. वर सगळं गाव जुंपलेलं होतं आणि मी खाली जीभ काढून धावत होतो. येताना पवनेच्या काठाला गाडी थांबवून जरा बसलो. राग आला का म्हणाल, तर नाही. हलकं वाटलं, आणि इतकी वर्षं एकट्यानं वाहिलं त्याचं थोडं हसूही आलं. एक गोष्ट मावशीला माहीत नव्हती, ती मी तिच्या घरीच तिला सांगितली, तुम्हालाही सांगतो. आता यात्रेत जो कोणी ते गाणं म्हणतो तो तिन्ही वेळा खालच्या आळीलाच हाक मारतो. तेव्हा तुम्ही तसं म्हणालात, पोरांनी तसंच उचललं, आणि नव्या सुनांना वाटतं गाणं पहिल्यापासनंच असं आहे. एकीनं मला विचारलं, बाकीच्या आळ्यांची नावं का नाहीत? मी म्हटलं, नाव घ्यायची गरज पडत नाही, आपला नंबर आला की कळतं.

तुम्ही फरशीवर सांगून ठेवलं होतं, लोकांना कळलं की मला सांग. मी हो म्हटलं होतं, म्हणून इथवर लिहिलं. हा कागद तुमच्या फोटोपुढं ठेवून वाचावा असं सकाळी मनात होतं. आता घडी करून पेटीच्या भात्यामागं सारून ठेवणार आहे. कारण एवढं लिहिल्यावर एक कळलं. मावशीनं मला तेव्हाच, त्याच यात्रेत, कानात सांगितलं असतं ना आबा, तरी फरशीवरून घरी येताना तुम्ही परत विचारल्यावर मी तुम्हाला हेच म्हटलं असतं, न्हाई, लोकांला वाटतं तुमी मुद्दाम करताय.