उलटी खाट

रायपूर,
ता. ११ फेब्रुवारी

सोनमतीदीदी,

जोहार. इकडे मी धड आहे. तुझ्या अंगणवाडीतली पोरं काय म्हणतात? दादाच्या गुडघ्याला तेल लागतंय ना? तू दिलेली चापड्याची चटणी कधीच फस्त झाली. खोलीतला सोबती आधी म्हणाला, "मुंग्या खाता रे तुम्ही!" आणि मग डबा त्यानंच चाटूनपुसून ठेवला.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. परवाही तेच. "दादा वळला रे लखमू! आयाच्या आठवणीचा दगड उभा करायच्या दिवशी तो खाटेचा फोटो घेऊन ये. घरात लावायचाय म्हणतो," एवढं सांगितलंस आणि रडायलाच लागलीस. मी आपला हो हो करून मोकळा झालो.

तू माझ्या फोटोंचं प्रदर्शन बघायला आलीस ना, तेव्हा आधी किती हसत होतीस! "हे काय रे? फाटकं सूप, मोडका नांगर, झाडाला टांगलेला भोपळ्याचा तुंबा! हे बघायला शहरातली माणसं येतात? आमच्या परसात चला म्हणावं, वाट्टेल तेवढं दाखवते." वाटेवरच्या असल्या टाकाऊ वस्तूंचे फोटो काढणं हाच माझा उद्योग, हे काही तुला पटत नव्हतं. मग त्या खाटेच्या फोटोशी तू अगदी जवळ गेलीस. रस्त्याकडेला उलटी टाकलेली खाट, चारही पाय वर, मागं मोहाची झाडं, तिरपं ऊन. सुंभाच्या विणीत मधेच निळी नायलॉनची दोरी.

"आपल्या आयाची," तू म्हणालीस. "तुला ठाऊक होतं?"

"नाही गं. कुणाची तरी असेल असं वाटलं."

तू माझा हात धरलास. "वेडा! तिनंच थांबवलं असेल तुला तिथं." गावात जाऊन तू हेच सगळ्यांना सांगितलंस. माती दिली त्या दिवशी मी उशिरा पोचलो, तेव्हापासून दादानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यालाही हेच सांगून वळवलंस.

दीदी, त्या दिवशी माझी मोटरसायकल पंक्चर झालीच नव्हती.

"आयाचं दुखणं जड झालंय, नीघ," असा तुझा फोन आला तसा निघालो होतो, हे खरं. त्यात खोट नाही. मसणवटीच्या वळणावर खाट दिसली. उलटी खाट म्हणजे काय हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माणूस मातीकडे गेला, खाट आता घरी परतायची नाही. तिला कुणी हात लावत नाही. मी लावला. एक पाय सावलीत जात होता, म्हणून ओढून उन्हात घेतली.

झाडांमागून माणसांचा आवाज येत होता. तुम्हीच होतात. आत दादा म्हाताऱ्यांशी भांडत होता, "धाकट्या लेकाच्या मुठीची माती पडल्याशिवाय बुजवायचं नाही. येईल तो, येईल!" सूर्य बुडायच्या आत माती द्यायलाच हवी, म्हणून शेवटी त्याचाही नाइलाज झाला. हे तूच मला मागाहून सांगितलंस. आणि मी शे-दोनशे पावलांवर ऊन आणखी तांबूस व्हायची वाट बघत उभा होतो.

एवढ्यावर पत्र संपवणार होतो. सहीसुद्धा केली होती, ती खोडली.

ती निळी दोरी मीच आणून दिली होती गं. जुना सुंभ टोचतो म्हणून आया कुरकुरत होती. तिनं माझ्यासमोर बसून ती विणली, आणि वर मलाच म्हणाली, "एवढीशीच आणलीस? कंजूष मेला!" कॅमेऱ्यातून बघताना ती दोरी दिसली. मी ओळखली, दीदी. तरी डोळा काढला नाही. मनात काय आलं सांगू? हे ऊन गेलं की गेलं. आया गेली होती आणि मला उन्हाची पडली होती. थू माझ्या जिण्यावर.

आयानं मला थांबवलं नाही. मीच थांबलो.

फोटो भिंतीवरून उतरवलाय. गावी तो आणणार नाही. दादाला वाचता येत नाही, म्हणून हे जड काम तुझ्यावर टाकतोय. हे पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखव. माझी बाजू घेऊन मधलं काही गाळू नकोस. ऐकून तो "ये" म्हणाला, तर दगड उभा करायला येईन. नको म्हणाला, तर माझ्यासाठी त्याच्याशी भांडू नकोस. माझ्यापायी त्या दिवशी तो सगळ्या गावाशी भांडला, तेवढं पुरे.

तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
लखमू