राखणीचा नारळ

अण्णा, लोक म्हणतात मेलेल्या माणसावर राग धरू नये. म्हणणाऱ्यांचं काय जातं? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, वाडीतली निम्मी माणसं तुमच्यामागून गेली, माझ्या डोक्याचा कापूस झाला, पण हा राग काही पिकत नाही आणि गळतही नाही. म्हणून आज लिहायला बसले. माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच सोडवलीत. पुढचं वाचणं मी वाण्याकडच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले आणि लिहिणं त्याच्याही नंतर. तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर त्याचा दोषही तुमच्याच पदरात घालते.

त्या वर्षी एक मेची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली होती. रेल्वे नवी नवी झालेली, त्यामुळे मुंबईकरांना गाव एकदम कुशीत आल्यासारखं वाटायचं. भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं उतरली आणि मागोमाग चुलत्यांचं बिऱ्हाड. घर कसं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घोंघावत होतं. चुलीवरून भात उतरला की आमटी, आमटी उतरली की आंघोळीचं पाणी. आंबे उतरवायचे ते याच दिवसांत, आढीतले निवडायचे ते याच दिवसांत, आणि फणस तर वाट बघत नाही, त्याचा वास सुटला की सगळं टाकून तेल लावलेला कोयता घ्यावा लागतो. मुलांना कितीदा सांगितलं, देठाचा चीक पुसल्याशिवाय आंबा तोंडाला लावू नका. ऐकतात कुठे. दुसऱ्या दिवशी दोघांची तोंडं उठली आणि मी कामं सोडून त्यांना खोबरेल चोपडत बसले. भावजय स्वभावानं चांगली, पण धुरानं तिच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही हे रोज करता?" मी म्हटलं, "नाही गो, रोज कुठे? रोज मी शेतात असते."

हसली ती. मला मात्र हसू आलं नव्हतं, कारण ते खरं होतं. थंडीत तुम्हाला झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तेव्हापासून तुमचं खाणंपिणं, धुणंपुसणं मी केलं, आणि शेतही मीच केलं. कातळावरच्या कोवळ्या कलमांना विहिरीवरून कळश्यांनी पाणी घातलं. मोहोरावर फवारणी करायला माणूस आला तर त्याच्या मागे उभी राहिले, नाही आला तर पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. गडगा ढासळला तो जांभ्याचे चिरे एकेक उचलून पुन्हा रचला. तुमची वाचा गेली त्याच्या आधीही मी काही पाटावर बसून नव्हते. नवरा गेला आणि सासरच्यांनी माझं बोचकं दारात ठेवलं तेव्हा तुम्ही मला घरात घेतलंत, ते मी विसरलेले नाही. पण घरात घेतलेलं माणूस कायम उंबऱ्यातच उभं ठेवायचं असतं का अण्णा?

रविवारी राखण होती. पावसाआधी जागा सांभाळणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ आणि कोंबडा द्यायचा, शेत आणि शेतातली माणसं त्याच्या ओटीत घालायची, ही आपली चाल. आणि मुंबईकर आले असले की घरचं कुणी चुकत नाही. गडग्याच्या कोपऱ्यात किंजळीच्या झाडाखाली त्याचा दगड. तिथे नारळ हातात धरून सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचं ते घरच्या कर्त्यानं. इतकी वर्षं तुम्ही घालत होतात आणि मी मागे पाण्याचा तांब्या धरून उभी असायची. तुमचं एकेक वाक्य माझ्या कानात रुजलेलं. या वर्षी तुम्हाला बोलता येणार नाही, मग बोलणार कोण, याचा विचार घरात माझ्याशिवाय कुणीच केला नव्हता. मी केला होता. पहाटे विहिरीवर पाणी ओढताना मी ते गाऱ्हाणं स्वतःशी म्हणून बघितलं होतं, एकही शब्द अडला नाही.

तुम्हाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. सगळे गोल करून उभे राहिले. मी पुढे झाले आणि नारळ हातात घेतला. वाडीतले म्हातारे काका खाकरले. आणि तुम्ही, अण्णा, तुमचा तो एक चालता हात पुढे केलात. मला वाटलं, नारळाला हात लावून मला द्याल. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात आणि भावाकडे धरलात.

तो बिचारा गांगरला. म्हणाला, "मला नाय येत, अण्णा. ताईला येतं." तुम्ही हात खाली घेतला नाहीत. हात थरथरायला लागला तेव्हा त्यानं नारळ घेतला. मग काकांनी तोडगा काढला, "पोरग्या, तू बोल. बाय मागनं सांगंल." म्हणजे शब्द माझे, तोंड त्याचं.

मी त्याच्या मागे उभी राहून हळू सांगू लागले आणि तो पोपटासारखा बोलू लागला. बा देवा महाराजा, ह्या जागेच्या राखणदारा, तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत. सगळे म्हणाले, व्हय महाराजा. त्याचा आवाज मागपर्यंत जाईना, म्हणून मी कुजबुजले, जरा मोठ्यानं बोल. त्यानं तेही म्हटलं, "जरा मोठ्यानं बोल," आणि सगळा गोल एका सुरात, व्हय महाराजा. पोरं खदखदली. काकासुद्धा हसले. तुम्हीही हसलात, अर्ध्या तोंडानं. ते हसू बघितलं आणि माझ्या अंगाची आग झाली.

पुढचं वाक्य तुमच्या गाऱ्हाण्यात नव्हतं. मी सांगितलं, "ह्या शेताची राखण जिनं केली, त्या लेकीला तू वळख."

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग त्यानं ते म्हटलं, आधीच्यापेक्षा मोठ्यानं. आणि वाडीनं, चुलत्यांनी, भावजयीनं, तोंडं उठलेल्या पोरांनी, सगळ्यांनी म्हटलं, व्हय महाराजा. तुम्ही म्हटलं नाहीत. वाचा नव्हती, कबूल. पण मान तर हलत होती ना? पेजेला मीठ कमी पडलं की हलायची.

संध्याकाळी सगळे सुट्टीचा शेवटचा फेरा म्हणून समुद्रावर गेले तेव्हा मी तुमच्यापाशी आले. पेजेची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "अण्णा, ऐकलंत ना सकाळी?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तोंड भिंतीकडे फिरवलंत. भिंतीला काय विचारायचं? मी वाटी उचलली, तुमची मान धरून फिरवली आणि पेज भरवली. रागानं भरवली. पाऊस सरायच्या आत तुम्ही गेलात आणि तो प्रश्न माझ्याकडेच राहिला.

आता पुढचं ऐका, कारण हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या मे महिन्यात भाऊ आला, किंजळीखाली सगळे जमले, आणि त्यानं नारळ माझ्या हातात दिला. काकांनी विचारलं, "बाईमाणूस बोलनार?" भाऊ म्हणाला, "गेल्या साली पण तीच बोलली काका. मी नुसता त्वांड उघडीत होतो." तेव्हापासून गाऱ्हाणं मीच घालते. आता तर पलीकडच्या गावची माणसंसुद्धा आपल्या राखणीला मला बोलावतात. म्हणतात, मावशीनं सांगितलं की राखणदार ऐकतो. भावानं नारळ दिला त्या रात्री जेवताना त्याला मी विचारलं होतं, गेल्या वर्षी ते वाक्य म्हणताना तुला कळलं होतं का रे? भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "कळलं म्हणून तर मोठ्यानं बोललो."

म्हणजे त्याला कळलं. तीन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला कळलं आणि बारा महिने माझ्या हातचं खाणाऱ्या तुम्हाला नाही. वाडीनं मान दिला, भावानं दिला, परक्या गावानं दिला. या सगळ्याची गोळाबेरीज करून मी स्वतःला पुष्कळदा समजावते, पण नारळ त्या दिवशी तुमच्या हातून यायचा होता, तो आला नाही. दुसऱ्या कुणाच्या हातानं ती जागा भरत नाही. तुम्हाला माझी लाज वाटली, की भावाचा हक्क जाईल अशी भीती वाटली, की नुसतीच सवय, हे मला आजही कळत नाही, आणि समजून घ्यायचा कंटाळाही आला आहे.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, हे लिहायला घेतानाच ठाऊक होतं. पण खरं सांगू? तुम्ही आज पडवीत बसलेले असतात तरी मी तो तुमच्या हातात दिला नसता. तुम्ही वाचून एकदा मान हलवली असतीत, आणि माझा राग तिथेच विरला असता. कलमांना पाणी घालताना मी तुमच्याशी भांडत असते, अण्णा. दुसरं तिथे बोलायला कोण आहे?