जहाजाच्या पट्ट्या सरळ करणाऱ्या ताईस

ताई,

मी बनवत असलेल्या छोट्या जहाजाच्या लाकडी पट्ट्यांवर पिठाचा डबा ठेवण्याआधी एक हाक मारली असतीस, तर तुझं काय बिघडलं असतं? त्या ओलीने वाकल्या नव्हत्या, मीच वाकवल्या होत्या! आराखड्याबरहुकूम, गरम पाण्यात भिजवून, कपड्यांचे चिमटे लावून. जहाजाचं पोट गोल असतं, बाई! तू त्यांना इस्त्री केल्यासारखं सरळ केलंस आणि वर म्हणतेस, "बघ, कशा छान झाल्या!" सपाट पोटाचं जहाज मी भर समुद्रात एकदाच पाहिलं. त्याला मासेसुद्धा हसत होते.

उद्या नात येतेय ती 'आजोबांचं जहाज' बघायला. म्हणून सगळं उचलून सुताराकडे चाललोय, तो पट्ट्यांना वाफ देईल. जेवायला थांबू नकोस, भाजी मात्र झाकून ठेव. दोरीवरचेही चिमटे नेलेत. तुझे कपडे उडाले तर मला बोलायचं नाही.

आणि हा ज्या खऱ्या जहाजाचा नमुना आहे, त्याचा कप्तान मीच होतो, असं मी तिला सांगितलंय. तळ्यातल्या होडीतही मला मळमळतं, हे फक्त तुला ठाऊक आहे. उद्या हसू आलंच, तर स्वयंपाकघरात जाऊन हस.

तुझा भाऊ
(अजून चिडलेलाच आहे)