गोठ्यातलं नवं दावं

शनिवार, १२ नोव्हेंबर १९५५

एलएल.एम.ला कोणते विषय घेणार ते सोमवारी पुण्याला कळवायचंय. संध्याकाळी ओट्यावर बसून ‘शिक्षेची तत्त्वं’ एवढा एक विषय पक्का केला, तोच आबांची हाक आली. आबा, माझे वडील, गावचे पोलीस पाटील. त्यांच्यामागं पाटीलकी मीच करायची, हे मला न विचारताच ठरलेलं. कांद्याची गोणी चोरल्याच्या संशयावरून त्यांनी खालच्या आळीतल्या धोंडूला आमच्या गोठ्यात बांधलंय. शिपाई उद्या येणार. आणि बांधलंय कशानं, तर मी आजच चाकणच्या बाजारातून बैलासाठी आणलेल्या नव्या दाव्यानं!

“हितं ध्यान ठेव. कायदा शिकलाईस न्हवं?” म्हणून आबा चावडीवर गेले.

आबांना मी आत्तापासूनच इथं हवा, मग मी पुण्याला जाणार तरी कसा? की शिकून परत इथंच?

आईनं धोंडूसाठी भाकरी दिली. धोंडू म्हणाला, “धाकलं पाटील, जेवण्यापुरतं सोडा.”

धाकलं पाटील! आबांनी मारलेली खास गाठ सोडली. मनगटांवर दाव्याचे वळ उठले होते. पळ, असं ओठांवर आलं होतं. म्हणालो नाही. जेवण झाल्यावर त्यानंच हात पुढं केले आणि मी बांधले.

आबांची ती गाठ मला कधी कुणी शिकवली नव्हती. पहिल्या फटक्यात बसली.